शाफ्ट नसलेली गाडी

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. लोधीपुऱ्यातल्या सुपडूचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी तो फुंकायचा! तीस वर्षं त्याने केळीचा टेम्पो चालवला. गॅरेजला टाकण्याआधी बायकोची नेलपॉलिश घेऊन पार्टापार्टावर लाल ठिपका द्यायचा. कुणी बदलला तर कळायला नको? शनवाऱ्यातला गजानन मिस्त्री ते ठिपके बघून गालात हसायचा. टेम्पो कुठेही बंद पडो, पाने-पक्कड घेऊन धावायचा तोच. बाकी दोस्तमंडळी सुपडूच्या संशयाला कंटाळून केव्हाच पांगली होती. उरला होता हा एकटा गजानन.

टेम्पो विकला आणि मुलीने, भूमिकाने, जुनी कार घेतली. महिन्याभरात वळणावर पुढून कटकट आवाज येऊ लागला. सुपडूने गाडी गजाननकडे टाकली आणि जवळच बुधवाऱ्यात चहाला गेला. परत आला तर गाडी लोखंडी घोडीवर चढवलेली, चाकं अधांतरी. सवयीने वाकून त्याने खाली पाहिलं. टेम्पोखाली इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत लांब शाफ्ट असतो. इथे सायलेन्सरच्या पाइपाशिवाय काही नाही. त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"गजा, शाफ्ट कुठी गेला? मले येडा समजतो का? चहा प्यायला गेलो तर शाफ्टच गायब केला! चोर साला!"

रस्त्यावरचे चार लोक थांबले. गजाननचा चेहरा उतरला. तो गाडीत बसला, इंजिन चालू करून पहिला गिअर टाकला. पुढची चाकं हवेत गरगरा फिरू लागली. मागची जागची हलली नाहीत.

"या गाडीत सगळी ताकद पुढच्या चाकाले," तो उतरून म्हणाला. "गिअरबॉक्समधून दोन आखूड एक्सल निघतात, एकेका चाकाले एकेक. चाक खड्ड्यात वरखाली होते, वळते बी. म्हणून एक्सलच्या दोन्ही टोकाले जॉइंट. त्यावरचं हे रबर फाटलं, ग्रीस उडालं, धूळ घुसली. तीच कटकट."

"अरे, मले काय मालूम! मजाक समज," सुपडू ओशाळून हसला. हसणारा तो एकटाच होता.

गजाननने नवा एक्सल बसवला, हात पुसले आणि चावी पुढे केली.

"तीस साल ठिपके पाहिले, म्हटलं स्वभाव आहे. आज चार लोकांत चोर झालो. पुढच्या टाइमाले दुसरा मिस्त्री पाहा, सुपडूभाऊ."

गजाने त्याला असं परक्यासारखं भाऊ म्हणून कधी हाक मारली नव्हती. सुपडूला रडू आलं. गाडी घेऊन तो निघाला. पुढच्या वळणावर त्याने स्टिअरिंग पार शेवटापर्यंत फिरवलं, काच खाली करून कान दिला, पुन्हा फिरवलं. जन्मात पहिल्यांदा त्याला वाटत होतं, काम कच्चं निघावं, परत जायला निमित्त मिळावं. गाडी गुपचूप वळली.