जगलेल्या पायांचे वाळे

आमच्या चुलतसासऱ्यांइतकं दुकानदारांना नकोसं झालेलं गिऱ्हाईक गिरगावापासून परळापर्यंत दुसरं झालं नाही, आणि आमच्या घराला त्यांच्याइतका हवासा माणूसही दुसरा झाला नाही. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. कचेरी सुटली की पागोटं सारखं करून स्वारी निघायची ती थेट जुन्या बाजाराकडे. तिथे मोत्यांची नथ समोर धरली तरी "ही थोरांची" म्हणून बाजूला सारायची. त्यांना हवे असत लहान मुलांचे जुने दागिने. वाळे, बिंदल्या, कमरेच्या साखळ्या. वाळा कानाशी धरून वाजवायचे आणि पन्नाशीचा हा गृहस्थ एकटाच हसायचा. आवाज पटला की मग त्यांचा ठरलेला प्रश्न, "घालणारा जगला का?"

यामागचं कारण मी होते. माझी पहिली दोन्ही मुलं वर्षाचीही झाली नव्हती. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी सांगितलं, बाळाच्या अंगावर पहिला दागिना चढायचा तो जगल्या-वाढलेल्या मुलाचा उतरलेला. पण आमच्या घरी तो द्यायला भाऊबंद कचरत. मला ते फार लागलं होतं. काकांनी ते ओळखलं आणि बाजार पालथा घालायला घेतला.

"अरे काका, चांदी देखो ना! बच्चे का क्या करना?" एक म्हातारा दुकानदार कपाळाला हात लावून म्हणे. पण काकांना पुरावा लागे. शेवटी दुकानदारही वस्ताद निघाले. एका मिशाळ पैलवानाला तिघांनी तीन वेगवेगळ्या वाळ्यांचं 'हेच ते बाळ' म्हणून उभं केलं. काकांनी तिन्ही वेळा त्याच्या तब्येतीची चौकशी केली आणि तिसऱ्या वेळी म्हणाले, "बाबा रे, तुला पाय तरी किती होते?"

बाळ जन्मलं, बारसं दोन दिवसांवर आलं, तेव्हा कुठे एका दुकानदाराने खरा पत्ता दिला. लालबागेतली चाळ, गिरणीतला माणूस. काका वाळे घेऊन तिथे गेले. दार उघडलेल्या बाईने ते वाळे पाहिले आणि ती उंबऱ्यातच बसली. तिचा मुलगा गेला होता. तिच्या डोळ्यांसमोर नकोत म्हणून नवऱ्याने तिच्या नकळत ते विकले होते. काकांनी आपण कुणाचे, कशासाठी आलो ते सांगितलं, वाळे तिच्या ओटीत ठेवले आणि रिकाम्या हातांनी परत आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

बारशाच्या सकाळी ती बाई शोधत शोधत आमच्या दारी आली. "हे वाळे माझ्या झिलाचे," काकांच्या हातात ते देत ती म्हणाली. "तुमच्या बाळाक घालशात तर बरा वाटात माका."

सासूबाई बाळाला घेऊन दोन पावलं मागे सरल्या. काकांनी मान खाली घातली. चुलतसासऱ्यांसमोर सुनेने तोंड उघडायची आमच्याकडे रीत नव्हती, पण मी बाहेर आले आणि म्हटलं, "काका, ते वाळे इकडे द्या."

"सूनबाई, तो मुलगा..."

"ठाऊक आहे मला. माझेही दोन गेलेत. त्यांचं एखादं लेणं कुणाच्या अंगावर खेळतंय म्हटलं असतं, तर मला बरंच वाटलं असतं."

काकांनी स्वतः माझ्या बाळाच्या पायांत ते वाळे चढवले.

त्यानंतर ती बाई सवड मिळेल तेव्हा येई. बाळ रांगू लागलं, भिंत धरून उभं राहू लागलं, आणि दर खेपेला काका तिला त्याचे पराक्रम स्वतःचेच असल्यासारखे सांगत. एक दिवस वाळे पायांत रुतू लागले. ती आलेली होती. काकांनी बाळाच्या पायाला तेल लावून ते हळूहळू उतरवले, तशी ती पुढे वाकली.

"घट्ट झाले? बरा झाला गो बाय," ती मला म्हणाली. "माझ्या झिलाच्या पायात शेवटपर्यंत सैलच रवले."

काकांनी तिच्यासाठी पाट सरकवला आणि बाळाला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.