कंपनी फिटिंग

गाडीचा विषय निघाला की बाबांचं वाक्य ठरलेलं असायचं. "अजून खोललेली नाही. सगळं कंपनी फिटिंग आहे." पाहुणा चहाला आलेला असो नाहीतर कुणाच्या दिवसकार्याला, हे वाक्य ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. गाडी माझ्याहून वयाने मोठी. स्टेअरिंगखालच्या दांड्याने गिअर टाकायचा, हँडगिअर. बाबा सोडून तिला कुणी हात लावायचा नाही.

गेल्या वर्षी तिसरा गिअर सुटायला लागला. चढावर टाकला की फटकन न्यूट्रलला येई. नेमकी तेव्हाच आरटीओची तपासणी आली. गाडी पास झाली नाही तर भंगारात द्यायची असं घरात ठरलं, म्हणजे भावाने मुंबईहून फोनवर ठरवलं. बाबांचं अन्न तुटलं. ऐंशी ओलांडलेला माणूस रोज पानातला भात तसाच टाकून उठायला लागला, तेव्हा दुरुस्तीचं लचांड मी गळ्यात घेतलं.

गॅरेजवाला बाबांचा विद्यार्थी. बाबा हायस्कूलचे हेडमास्तर होते, त्यामुळे रत्नागिरीत निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी, आणि माझ्या मते हीच खरी पीडा. त्याने गिअरबॉक्स उतरवला, आतला माल रॉकेलमध्ये धुतला आणि सांगितलं, गिअर धरून ठेवणारी सिंक्रोची रिंग गेलीय, दोन गिअर झिजलेत, नवे मागवू. कोल्हापूरहून पार्ट आले. रिंग ढिली, दाते जुळेनात. पार्ट परत. मग मुंबईहून आले. तेही तसेच. तपासणी जवळ येत होती आणि मी शिकवते ती शाळा सुटली की स्कूटी काढून गॅरेजच्या वाऱ्या करत होते.

शेवटी मी म्हटलं, "हा बॉक्स दुसऱ्याच कुठल्या गाडीचा नसेल कशावरून?"

तो दुखावला. "काय बोलता ताई? सर सांगतात ना, कंपनी फिटिंग हाय. सर कदी खोटं बोलले नाय."

आता याला काय म्हणायचं? समोर लोखंड ओरडून सांगतंय की माप वेगळं आहे, आणि हा शाळेतल्या वर्गात बसल्यासारखा सरांचं वाक्य घोकतोय. बॉक्सच्या अंगावरचा नंबर खाऱ्या हवेने खाल्लेला. मी तारेच्या ब्रशने घासला, खडू चोळला, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. दोन अक्षरं उमटली. गाडीच्या पुस्तकातल्या नंबरात ती कुठेच नव्हती. त्याला दाखवली तर म्हणतो, "तो गंज हाय ताई. अक्षर नाय." त्या क्षणी त्याच्या हातातला पाना घेऊन त्याच्याच डोक्यात घालावा असं मला वाटलं.

नवा गिअर वर्तमानपत्रात गुंडाळून मी घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर बाबांसमोर आपटला.

"बाबा, खरं सांगा. बॉक्स कधी बदलला होता का?"

"नाही."

"मग हा बसत का नाही?"

"माल डुप्लिकेट असेल. गाडी खोललेली नाही."

माझा पारा चढला. तुमच्या हट्टापायी गाडी भंगारात जाणार आहे, एवढं तरी कळतंय का, असं मी ओरडले. बाबांवर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्यांनी ताट पुढे सरकवलं.

आई तिथेच खाली बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"खोललीय गो ती. मी मोडला होता बॉक्स."

मी लहान असताना बाबांनीच तिला शाळेच्या मैदानावर गाडी शिकवली होती. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एकदा मालगुंडला तिचा भाऊ आजारी पडला, एसटी चुकली, बाबा शाळेत होते. तिने गाडी काढली. जाकादेवीच्या अलीकडच्या चढावर गाडी पुरती थांबायच्या आत तिने पहिला गिअर टाकला आणि आतले दाते उडाले. बाबांनी हातखंब्याच्या भंगारवाल्याकडून दुसऱ्या मॉडेलचा बॉक्स आणून बसवला. कुठलं मॉडेल, तेही तिला पाठ होतं. तो आणायला ती बरोबर गेली होती.

"लोक हिला नावं ठेवतील म्हणून बोललो नाही," बाबा ताटाकडे बघत म्हणाले. "बाईने गाडी मोडली असं झालं असतं. हिला त्रास नको."

"मला कसला त्रास?" आई म्हणाली. "मोडला तो बॉक्स. त्या दिवसापासून किल्ली तुम्ही कपाटावर ठेवलीत. माझा हात पोचत नव्हता."



आईने सांगितलेल्या मॉडेलचे पार्ट मागवले. पहिल्या झटक्यात बसले. गॅरेजवाला मान हलवत राहिला. सरांचं चुकलं असं मात्र त्याच्या तोंडून शेवटपर्यंत निघालं नाही.

तपासणीला गाडी त्यानेच चालवली. बाबांना आता नीट दिसत नाही, ते पुढे बसले. आई आणि मी मागे. चढावर त्याने तिसरा टाकला, तो टिकला, आणि बाबांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला मागूनही दिसलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कॉलेजात असताना मी गाडी शिकवा म्हणून बाबांच्या मागे लागले होते. गाडी नाजूक आहे, खोललेली नाही, शिकाऊ हातात द्यायची नाही, असं सांगून त्यांनी विषय संपवला होता. मी ते खरं मानलं. पन्नाशी उलटली तरी मला चारचाकी येत नाही, आणि त्याचं कारण काय, तर एक केव्हाच मोडलेलं कंपनी फिटिंग.

गाडी पास झाली. परतताना बाबा गॅरेजवाल्याशी तोंडभरून बोलत होते. आई खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तुला शिकायची होती काय गो गाडी?"

"हो," मी म्हटलं. पुढच्या सीटवर बाबांचं बोलणं थांबलं.