अध्यक्ष सर उभे राहिले तेव्हा

आमच्या सरांना कुठल्याही विषयावरून अमेरिकेत जाता यायचं. भूगोलात कापूस आला की ते तिथल्या कापसाच्या शेतांत शिरत. गणिताच्या उदाहरणांत वाटेल तितकी लाकडं फोडायला लावत, कारण त्यांचा आवडता अध्यक्ष लहानपणी लाकडं फोडायचा. त्याचं चित्र त्यांनी वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. लांबट चेहरा, खोल डोळे, मिशीशिवाय दाढी. गाव त्यांना अध्यक्ष सर म्हणायचं. त्यांना ते आवडायचं.

त्या माणसाचं चरित्र ते दरवर्षी सांगत. लाकडाच्या खोपटात जन्मला, उसन्या पुस्तकांसाठी कोसभर चालला, दुकान बुडालं, निवडणुका हरला आणि तरी सगळ्यात वर जाऊन बसला. इथे आले की ते माझ्याकडे बघत. मी बापाबरोबर नरडाण्याच्या गोदामात फाटकी पोती शिवायचो. हाताला तागाचा वास असायचा म्हणून पोरं शेजारी बसत नसत. सर म्हणत, "याच्याकडे खोपट आहे, डोळे आहेत. आणखी काय पाहिजे?" तेवढ्या एका वाक्यावर मी पोत्यांतून कापसाच्या खरेदीत आलो. बाकी कुणी मला काही दिलेलं नाही.

सरांना भाव करता येत नसे. भाजीवालीने सांगितला तो दर ते देत. एकदा सायकल घ्यायला मला धुळ्याला घेऊन गेले. तासभर घासाघीस करून मी दुकानदाराला खाली आणला, आणि सरांनी त्याला पहिला सांगितलेलाच भाव दिला. मी चिडलो. ते म्हणाले, "त्याचा चेहरा पाहिलास का?" मी भाव करताना चेहरा पाहत नाही. पाहिला असता तर अजून पोतीच शिवत बसलो असतो. परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोललो नाही.

आमच्या गावात सरपंचपदासाठी मतदान होत नसे. फॉर्म भरायच्या आधी देवळापुढे लिलाव व्हायचा. देवळाच्या बांधकामासाठी जो सर्वांत मोठी बोली लावेल तो सरपंच. बाकी कुणी फॉर्म भरायचा नाही. त्या वर्षी बोली माझ्यावर थांबली. ज्यांच्या ओट्यावर माझ्या बापाला कधी बसू दिलं नव्हतं, त्यांनीच उठून मला खुर्ची दिली. तो दिवस मी आयुष्यभर मागितला होता.

शेवटच्या दिवशी सरांनी फॉर्म भरला.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ओटीवर माणसं जमली होती. शेजारची म्हातारी त्यांना विचारत होती, "बठ्ठं गाव एक शे. तुमलेच काय व्हयनं, नाना?" सगळं गाव एक असताना आपल्यालाच काय झालं, यावर सर नुसते हसले. मी सगळ्यांसमोर विचारलं, वर चढायला तुम्हीच शिकवलंत ना?

"वर चढून त्याने काय केलं, ते नीट सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "चूक माझी. तिथे माणसं उभी करून लिलावात विकत होते. त्याने ते बंद केलं. त्यापायी गोळी खाल्ली."

"इथे माणसं कोण विकतंय?"

"मतं विकताय तुम्ही. तीही ज्याची त्याला न विचारता."

"मग खा तुम्हीही गोळी," मी म्हणालो आणि निघालो.

मतदान झालं. सरांना नऊ मतं पडली. मग कुणी न सांगता गाव त्यांच्याशी बोलेनासं झालं. चक्कीवाला त्यांचं दळण मागे ठेवू लागला, लग्नाची पत्रिका त्यांचं घर सोडून पुढे जाऊ लागली. माझा एक शब्द पुरला असता. मी तो काढला नाही. माझा राग खोटा नव्हता, आजही नाही. अख्ख्या गावाने पहिल्यांदा मला मान दिला आणि माझ्याच मास्तराने तो लिलावातला माल ठरवला. वर्षभरात ते घराला कुलूप लावून जळगावला लेकीकडे गेले.

दोन वर्षांनी मी तिथे गेलो. त्यांनी स्वतः चहा केला. मी म्हणालो, गावी चला. ते म्हणाले, "येतो. दिवसाउजेडी येईन. स्टँडपासून देवळापर्यंत तू माझ्याबरोबर पायी चाल. बाकी काही नको."

त्या रस्त्यावर कोण कोण बसलेलं असतं ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी म्हणालो, "देवळाचा कळस चढू द्या सर, मग नेतो." सगळ्या आयुष्यात मी केलेला हा सर्वांत वाईट सौदा. त्यांनी तोही मान्य केला. "बरं," म्हणाले.

कळस चढायच्या आधीच ते गेले. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांच्या लेकीने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"भाऊ, शेवटी शेवटी ते मला एकच विचारायचे," ती म्हणाली. "त्या नऊ मतांत तुमचं होतं का?"

मी स्वतःच उमेदवार होतो. माझं मत मी मलाच दिलं होतं. तसं तिला सांगितलं.

तिने पाण्याचा रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, "मी त्यांना हो म्हणून सांगितलं होतं."