चोवीस तासांचा नियम

त्या दुपारची आठवण आली की आजही मला स्वतःचाच राग येतो. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. जेवण उरकून परतलो, तर फाटकाशी एक बाई पदराने डोळे पुसत उभी.

"सासरं सकालपासून घरान न्हाय, सायेब. त्यांना आता कायपन आठवत न्हाय. आतले म्हंतात, उद्या ये."

माझं डोकं फिरलं. आत टेबलावर महिला शिपाई होती, नोकरीला जेमतेम सहा महिने झालेली.

"उद्या ये, असं कुणी सांगायला सांगितलं?"

"हवालदार साहेबांनी. चोवीस तास झाल्याशिवाय मिसिंगची तक्रार घेत नाहीत म्हणाले."

हे हवालदार म्हणजे आमच्या ठाण्याचं चालतंबोलतं पुस्तक. मुद्देमाल सीलबंद कसा करायचा इथपासून रजेचा अर्ज कसा लिहायचा इथपर्यंत सगळे त्यांनाच विचारत. माझ्या डोक्याचा ताप वाचतो म्हणून मलाही ते बरंच वाटे. मी त्यांना बोलावलं.

"हा नियम कुठल्या परिपत्रकात आहे?"

ते हळूच म्हणाले, "साहेब, मी नवा शिपाई होतो तेव्हा तुम्हीच शिकवलंत."

खरं होतं. मी उपनिरीक्षक असताना ते माझ्या हाताखाली होते. मला ते माझ्या वरिष्ठांनी सांगितलं होतं आणि मी कधी वाचून पाहिलं नव्हतं. असा नियम कुठेही नाही. चौकशा पुष्कळ केल्या, पण आरोपी आपल्याच खुर्चीत सापडण्याची ती पहिलीच वेळ. मला फार लाज वाटली.

मिसिंग दाखल केली, स्टेशन डायरीत नोंद घेतली, बिनतारी संदेश सोडला. म्हाताऱ्याची लेक पालीला दिलेली, तो तिकडेच गेला असणार, असं हवालदारांचं मत. जीप निघणार, तेवढ्यात महिला शिपाई चुळबुळताना दिसली.

"बोल, काय ते."

"साहेब, माझे आजोबा मिठागरात कामाला होते. शेवटी घरचे ओळखू येईनात, तरी भरतीची वेळ झाली की उघाडीकडे पळायचे. बांधातलं पाण्याचं दार बंद करायला." मग ती त्या बाईकडे वळली. "तुमचं सासरं काय काम करीत?"

"मिठागरान व्हते, सारा जलम."

"आधीच का नाही बोललीस?" मी विचारलं.

"हवालदार साहेब सांगत होते, साहेब. त्यांच्यापुढे मी काय बोलणार?"

भरती लागली होती. सुनेलाही सोबत घेऊन जीप खाडीकडे वळवली आणि पुढे बांधावरून आम्ही अक्षरशः धावलो. बंद पडलेल्या मिठागराच्या मोडक्या उघाडीत म्हातारा कंबरभर पाण्यात उभा होता. पाय चिखलात रुतलेले आणि कुजलेली फळी छातीशी धरलेली. हवालदारांनी बूटही न काढता उडी घेतली. म्हातारा त्यांच्यावरच खेकसला, "दार धरा रं आधी! खारं पानी आत येल!"

त्याला वर घेतल्यावर सून रडतही होती आणि त्याच्यावर ओरडतही होती. आणखी अर्ध्या तासाने पोचलो असतो तर, हा विचार मी पुरता करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी सगळ्यांसमोर चूक माझी म्हणून सांगितली. सरकारी नोकरीत माणूस प्रशिक्षणात शिकतो त्याहून जास्त शेजारच्या टेबलावर शिकतो. त्यात वाईट काही नाही, पण चूकही त्याच वाटेने पिढ्यान्‌पिढ्या जाते आणि ज्याला खरं ठाऊक असतं त्याला कुणी विचारत नाही. म्हणून रोजच्या हजेरीला एक शंका मोठ्याने विचारायची, सर्वांत नव्या माणसाने आधी बोलायचं आणि उत्तर फाईल उघडून वाचायचं, असं ठरवलं. सुरुवातीला सगळे खाली माना घालून उभे राहत. हवालदार मात्र भरती-ओहोटीचं गणित त्या शिपाई मुलीकडून शिकू लागले, तेही सगळ्यांदेखत. मग इतरांची भीड चेपली.

महिन्याभराने मी हजेरीला पंचनाम्याबद्दल काहीतरी ठासून सांगत होतो. ती मुलगी एक पाऊल पुढे आली.

"साहेब, हे वाचलेलं आहे की ऐकलेलं?"

रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"ऐकलेलं," मी म्हणालो, आणि हवालदार हसत हसत फाईल आणायला आत गेले.