विहिरीतला फुटबॉल

राजूरजवळच्या एका विहिरीत मी पाण्याखालचा माइक सोडला होता. न्यूट्रिनो नावाचा कण पाण्यात आदळला की अगदी बारीक आवाज होतो, असं गणित सांगतं. तो टिपणाऱ्या माइकची चाचणी हा माझा प्रोजेक्ट. पण कसलीशी टिकटिक थांबेना आणि रेकॉर्डिंग वाया जात होतं.

विहिरीच्या मालकांनी पाण्याची मोटार दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकनी स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या पाइपला लावलं आणि मूठ कानाला.

“फुटबॉल गेलाय, ताई.”

पाइपच्या तळाशी पाणी परत खाली जाऊ न देणाऱ्या फूटव्हॉल्वला ते फुटबॉल म्हणतात, हे तो बदलून टिकटिक थांबल्यावर मला कळलं.

“तुमी काय ऐकताय?”

“न्यूट्रिनो. अजून कुणालाच ऐकू आलेला नाही.”

“मंग वळखनार कसा?”

“बाकीचे आवाज वगळून.”

“आमचं बी तसंच हाय.”

त्यांनी माझा हेडफोन लावून डोळे मिटले. बऱ्याच वेळाने समाधानाने म्हणाले, “कायबी न्हाई.”

माझ्या रिपोर्टमध्ये हेच एक वाक्य दोन पानं भरून लिहिलंय.