चौकटीत काच नव्हती

आधी शोभाकाकूंचं नाव लिहिते, बाकीचं नंतर. माझं गाव किनवटकडचं. आठवीत शाळा सुटली, आणि नाशिकला आले तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं. नाशिकरोडला एका पार्लरच्या दारात काम मागायला उभी होते. आतून याच बाई आल्या. काम आहे की नाही ते सोडा, पहिलं काय विचारलं तर, "जेवलीस का गं?" त्यांच्या एका खोलीच्या घरात त्यांनी माझी गादी घातली, ती आजही तिथंच आहे.

भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावात कुणाच्या अंगात आलं की मी उठून बाहेर जायची... हसू यायचं म्हणून. आणि हे झालं ते तर कॉमेडी पिक्चरच्या सेटवर!

पिक्चर असा – बारावीची पोरं, त्यांचे नवे केमिस्ट्रीचे सर व्हॅम्पायर निघतात, मग ही पोरं लसणाच्या माळा आणि क्रिकेटचे स्टंप घेऊन त्यांच्या मागं लागतात. शूटिंग एकलहऱ्याच्या बाजूला, एका रिकाम्या बंगल्यात. मेकअप काकूंचा, मी त्यांची हेल्पर. रक्त काकू घरीच करायच्या, बीटचा रस आणि साखरेचा पाक. पोरं बोटं घालून चाटायची.

"काकू, अजून थोडं रक्त वाढा ना!"

"मेल्यांनो, सीनला तरी ठेवा!"

आता आरशाचं सांगते. व्हॅम्पायर आरशात दिसत नाही, म्हणे. त्यासाठी दोन खोल्यांमधल्या भिंतीला मोठं भोक पाडून तिथं नुसती आरशाची चौकट बसवली होती. काच नाही. पलीकडच्या खोलीत सगळं तसंच, पण उलट मांडलेलं – टेबल, तांब्या, कॅलेंडरसुद्धा उलटं छापून आणलेलं. हिरॉइन अलीकडे, तिच्यासारखेच कपडे घातलेली दुसरी मुलगी पलीकडे. बघणाऱ्याला वाटतं आरसाच आहे. सरांच्या समोर मात्र पलीकडे कुणालाच उभं करायचं नाही... झाले सर गायब! त्या चौकटीतून हात घालून मी स्वतः पलीकडच्या टेबलावर चहाचे कप ठेवलेत. म्हणून छातीवर हात ठेवून सांगते, काच नव्हती.

दुपारी साडेबाराची वेळ. दोघी मुली जेवायला गेल्या होत्या. पलीकडची खोली रिकामी. लाईटवाला दादा म्हणाला, "ए पोरी, जरा हिरॉइनच्या जागेवर उभी राहा गं, लाईट बघायचाय." राहिले. मागून काकू आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सकाळपासून तोंडात काही नाही तुझ्या. डब्यात पोळी ठेवलीय, खाऊन घे."

मी समोर बघितलं, आणि... पलीकडे मी होते.

दुसरी कुणी नाही, मीच. माझा कुर्ता, माझी सैल झालेली वेणी. मी मान कलती केली, तिनंही केली. तिच्या खांद्यावरचा कुर्ता पाच बोटांनी दाबला गेलेला दिसत होता, पण बोटं नव्हती. काकू नव्हत्याच. आणि इकडे माझ्या खांद्यावर त्यांच्या हाताचं ओझं – गरम, रोजच्यासारखं.

मी किंचाळले. आणि तोंडातून काय निघावं... "काकू डाकीण आहेत! काकू दिसत नाहीयेत!"

काकू पेठ तालुक्यातल्या. त्या लहान असताना त्यांच्या आईला गावानं डाकीण ठरवून हाकललं होतं. एकदा भाकरी थापता थापता त्यांनी मला सांगितलं होतं. फक्त मला. तो शब्द मी तिथूनच उचलला.

आधी सगळे हसले. एका पोरानं लसणाची माळ काकूंच्या गळ्यात घातली, "काकू, भाजतंय का?" काकूही हसल्या. माझ्याकडे मात्र बघितलं नाही त्यांनी. हिरॉइनची आई हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "खरं सांग, काय दिसलं?"

मी म्हणाले, "त्या दिसल्या नाहीत, मॅडम."

"मग माझ्या मुलीच्या तोंडाला त्या बाईचा हात लागायला नको."

मॅनेजरनं मला विचारलं, "मेकअप तुला एकटीला जमेल ना?" भास झाला असेल, एवढं म्हणायचं होतं मला. पण काम गेलं तर परत गाव, परत तेच... मी मान हलवली.

काकूंनी त्यांची मेकअपची पेटी माझ्या हातात दिली. एवढंच बोलल्या, "स्पंज रोज धू. ओला ठेवू नको, मुलींच्या चेहऱ्यावर पुरळ उठतं." संध्याकाळी घरी गेले तर माझं ताट वाढून ठेवलेलं होतं.

एक गोष्ट तेव्हा मी कुणालाच सांगितली नाही. चौकटीत जी मी दिसले, तिच्या तोंडाला लाल लागलेलं होतं. ओठांना, पार हनुवटीपर्यंत. त्या दिवशी रक्ताच्या बरणीचं झाकण उघडलंसुद्धा नव्हतं. मी ओढणीनं तोंड पुसून बघितलं – काही नाही. मॅडमनी काय दिसलं विचारलं, मी काकूंबद्दलच सांगितलं.

लाईटवाल्या दादानं त्याच वेळी मोबाईलवर फोटो काढला होता. त्यात मी आहे, काकू आहेत, आणि चौकटीपलीकडे उलटं कॅलेंडर. बस. उपाशी होतीस, चक्कर आली असेल, असं तुम्ही म्हणाल. असेलही. मला आजवर काही कळलेलं नाही.

पिक्चरच्या शेवटी नावं येतात, तिथं मेकअपपुढे माझं नाव आहे. काकूंना आता सेटवर कुणी बोलवत नाही. त्या लग्नांत मेंदी काढतात. त्या दिवसाबद्दल मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि रोज विचारतात, जेवलीस का.

इथं स्वतःचं नाव लपवून लिहिणं सोपं आहे, काकू. एक दिवस मी त्या पोरांना, त्या मॅडमना गाठून तोंडावर सांगणार आहे, लाल कुणाच्या तोंडाला होतं ते. अजून धीर होत नाही. पण सांगणार. आणि मग पेटी तुमच्या हातात परत देणार. स्पंज धुतलेला असेल, कोरडा.