झेलणारा

साल दोन हजार अठरा. मी सहासष्ट वर्षांचा. आधार कार्डावर चौसष्ट आहे, पण ते लिहिणाऱ्यानं अंदाजानं टाकलंय.

एप्रिलचा रविवार. चर्चमधली भक्ती सुटली होती, लोक चपला शोधत होते. भाऊसाहेबानं मला पायरीवर थांबवलं आणि खिशातनं एक प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. आत पांढरे हातमोजे. कोरे. सगळ्यांदेखत माझ्या हातावर ठेवले. ठेवले म्हणजे वरनं सोडले.

"हितनं पुढं हे घालून धरत जा. आमच्या घरातली बायामाणसं असत्यात."

माझ्या शेजारी विलास उभा होता. तोही धरायचा. माझ्यासारखाच, तसाच, तेवढाच. त्याला पाकीट नव्हतं.

मी म्हणालो, "बरं."

त्या एका शब्दाचा मला आजही राग आहे. भाऊसाहेबाचा आहेच. पण त्या "बरं"चा जास्त.

धरायचं म्हणजे काय ते सांगतो. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, बारामती-इंदापूर रस्त्याला, पत्र्याच्या शेडात. महिन्यातनं एकदा बाहेरचा उपदेशक यायचा. लोक प्रार्थना करून घ्यायला पुढं जायचे. तो कपाळावर हात ठेवायचा, मोठ्यानं ओरडायचा, आणि माणूस ताठच्या ताठ मागं पडायचा. आत्मा उतरला म्हणायचे. खाली फरशी. मागं कुणी नसलं तर टाळकं फुटायचं. म्हणून मागं झेलणारा लागतो. तो मी.

मलाच का नेमलं? साखर कारखान्याच्या गोदामात मी हमाली केली. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन थप्पीवर चढायचो. पोतं कधी फुटू दिलं नाही. मंडळीत अकरा वर्षांत माणूस कधी आपटू दिला नाही. ह्याचा मला गर्व होता. गर्व पाप आहे म्हणतात. असू दे.

आम्ही मांगाचे, मूळ अंथुर्ण्याचे. आज्यानं येशूचं नाव घेतलं, कारण त्याला कुणीतरी सांगितलं होतं की तिथं सगळे एकाच पेल्यातनं पितात. भाऊसाहेब पाटलाच्या घरातला. नजर जाईल तिथवर ऊस, रस्त्याला पेट्रोल पंप. बायकोचं दुखणं प्रार्थनेनं गेलं म्हणून मंडळीत आला. पंखे दिले, माईक दिला. पुढं स्वतःसाठी लाल गादीची खुर्ची आणली. आम्ही सतरंजीवर. मंडळी चालवणारे आमचे पाळक म्हातारे, भाऊसाहेब आला की तेच उठून उभे राहायचे. आम्हाला कौतुक, पाटील आमच्यात आला म्हणून. खरं बघितलं तर आम्हीच त्याच्या वाड्यावर गेलो होतो, शेड तेवढं आमचं होतं.

आणि आता लाजेची गोष्ट. हातमोजे घालून मी घरी आरशात बघितलं. माझा चुलता बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, त्याचे असेच पांढरे मोजे असायचे. मला बरं दिसलं. दर शनिवारी मी ते साबणानं धुवून तारेवर वाळत घालायचो. चिमटे लावून.

ह्याहून मोठी लाज पुढं आहे. काही माणसं पडायची नाहीत. उपदेशक दोनदा ढकलायचा, तिसऱ्यांदा माझ्याकडं बघायचा. मग मी दोन बोटांनी मागनं सदरा धरून हलका हिसका द्यायचो. माणूस पडायचा. मंडळी "हालेलुया" म्हणायची. मी मनाला सांगायचो, ही आत्मिक लढाई आहे, लढाईत एवढं चालतं. किती जणांना पाडलं ते देवाला ठाऊक.

डॅनियल जूनमध्ये आला. आफ्रिकेतल्या मलावी देशाचा. तिकडं शेती खात्यात नोकरीला, चौतीस वर्षांचा, दोन पोरींचा बाप. पुढचं शिकायला बारामतीला आलेला. पाच घरमालकांनी त्याला परत पाठवलं. एकानं खोली दाखवली, दुसऱ्या दिवशी कुलूप दाखवलं. सहावा मी. माझी बायको वारलेली, एक खोली मोकळी होती. त्यानं विचारलं, "तुला माझी भीती नाही?" मी म्हणालो, "तू पोत्यापेक्षा जड हायस का?"

त्याचं मराठी म्हणजे वरातच, इथं बरंचसं मी सरळ करून सांगतोय. मला विचारायचा, "आबा, तू जेवली का?" मी म्हणायचो, "जेवली बाबा, जेवली." मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवायचा, मी ठेचा द्यायचो. घाम गाळत खायचा आणि परत मागायचा. गल्लीतली पोरं "हबशी" म्हणून ओरडायची. एकदा मी पोरांमागं काठी घेऊन धावलो. तो म्हणाला, "आबा, बस. पळून पळून तू मरशील, ते ओरडतच राहतील." जेवणाआधी तो त्याच्या भाषेत प्रार्थना करायचा, मी माझ्या. आमेन दोघांचं एकच. रविवारी तोही माझ्याबरोबर मंडळीत यायचा.

एका शनिवारी तारेवरचे मोजे बघून त्यानं विचारलं, "हे का?"

"बायामाणसं धरायची असत्यात."

"विलास बाई धरत नाही?"

मी उगाच तारेवरचा एक चिमटा काढला.

तो खाली बसला. म्हणाला, "माझा आजा गोऱ्या लोकांच्या क्लबात जेवण वाढायचा. पांढरे मोजे. काळं बोट ताटाला लागू नये म्हणून. रोज घरी आणून धुवायचा. आजी म्हणायची, कुत्र्याचा पट्टा कुत्र्यालाच धुवायला लावलाय."

माझ्या हातात त्या वेळी चिमटा होता.

मी चिडलो. त्याच्यावर. म्हणालो, "तू पाहुणा हायस. पाहुण्यानं घरातल्या भांड्याचे पोचे मोजू न्हायेत." दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं मक्याचा गोळा माझ्या ताटात वाढला आणि म्हणाला, "आबा, तू जेवली का?" मी जेवलो. पण त्या दिवसापासून मोजे घालताना बोटं आत जायला कुरकुर करायला लागली.

ऊसतोड सुरू झाली तेव्हाची गोष्ट. भक्तीनंतर भाऊसाहेबाची नात, सहा वर्षांची, डॅनियलच्या मांडीवर जाऊन बसली आणि त्याच्या केसात हात फिरवून हसायला लागली. तोही हसला. त्याची धाकटी तेवढीच होती. भाऊसाहेब आला. पोरीला दंडाला धरून उचललं, गाडीपाशी नेलं, बाटलीतलं पाणी ओतून तिचा तळवा चोळचोळ धुतला. पोरगी विचारत होती, "काय लागलंय आजोबा? काय लागलंय?"

लागलं काहीच नव्हतं. मी बघितलं. डॅनियलनंही बघितलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तीन दिवसांची उपास-प्रार्थना होती. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेबाला मंडळीचा मुख्य वडील, म्हणजे कारभारी, म्हणून नेमून कपाळाला तेल लावायचं होतं. पाहुणे बोलावलेले, मोबाईलवर चित्रण व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उपदेशकानं एकाएकी डोळे मिटले. माईकमध्ये म्हणाला, "ह्या जागेत अंधाराचा आत्मा बसलाय. समुद्रापलीकडनं आलाय. त्यानंच इथले आशीर्वाद अडवलेत."

शेडात समुद्र ओलांडलेला माणूस एकच. बाकीच्यांनी फार तर नीरा नदी ओलांडलेली. सगळ्या माना वळल्या.

"पुढं ये."

डॅनियलला बोलणं पुरतं कळलं नव्हतं. त्याला वाटलं, त्याच्या पोरींसाठी प्रार्थना करणार. चपला काढून, हात जोडून तो पुढं जाऊन उभा राहिला. मी मागं गेलो. माझी जागा तीच.

उपदेशकानं कपाळावर हात दाबला आणि ओरडला, "काळ्या आत्म्या, नीघ!" डॅनियल हलला नाही. दुसऱ्यांदा ढकललं. तो उभा. आता त्याला कळलं होतं. हात सोडून त्यानं डोळे उघडे ठेवले. तिसऱ्यांदा ढकललं आणि उपदेशकानं माझ्याकडं बघितलं.

मी ओढलं.

हो. ओढलं. सवय होती. दोन बोटांनी सदरा धरला आणि हिसका दिला. त्याचा एक पाय मागं गेला. तो सावरला, मान वळवली, सदऱ्यावरचा पांढरा मोजा बघितला, मग मला बघितलं.

"आबा, तू?"

हळू म्हणाला. माईकमध्ये गेलं नाही. माझ्यात गेलं.

मी सदरा सोडला.

खुर्चीवरनं भाऊसाहेब म्हणाला, "वढ की रं."

मी उभा.

"वढ म्हणतोय न्हवं. हातमोजे कशाला दिल्यात?"

"न्हाय वढणार."

"का?"

"त्याच्यात काय न्हाय. असतं तर मला आधी लागलं असतं. एका घरात ऱ्हातो आमी."

कुणीतरी हसलं. भाऊसाहेब उठला, माझ्याजवळ आला, पण हातभर लांब थांबला. दर वेळी तेवढाच लांब थांबायचा. म्हणाला, "येशू म्हणा न्हायतर कुणी म्हणा, शेवटी मांग तो मांगच. उद्या सकाळी गुमान जागेवर हुबा राहा. न्हायतर त्या काळ्याला घे आन् वाट धर. ह्या शेडात परत पाय न्हाय."

पाळकांनी पुस्तक उघडून त्यात डोकं घातलं. विलास फरशीकडं बघत होता. ज्यांना ज्यांना मी झेललं होतं ते सगळे बसले होते. मी एकेकाचं तोंड बघून घेतलं.

त्या शेडात माझ्या बायकोची शेवटची प्रार्थना झाली. त्याच्या पायाचे दगड मी पाठीवर आणलेत. तिथनं भाऊसाहेब मला वाट धरायला सांगत होता.

घरी आलो. उपास रात्री सुटायचा, पण डॅनियलनं चूल नाही पेटवली. मी त्याच्यापुढं बसलो आणि म्हणालो, "मी वढलं."

"हो."

"माफी मागत न्हाय. माफी मागून मी मोकळा होईन. मला मोकळं व्हायचं न्हाय."

त्यानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "आबा, त्या माणसाला तरी माफ कर. नाहीतर सैतान तुझ्यात शिरेल."

मी म्हणालो, "सैतान कुठं ऱ्हातो ते मला आज कळलं. त्यो अंधारात ऱ्हात न्हाय. पंख्याखाली, लाल गादीवर बसतो. आन् त्याला माझ्यासारखा मागं हुबा ऱ्हाणारा लागतो. मी न्हाय तर त्यो पडतोय कुठं?"

मी गुडघे टेकले. लोक म्हणतील, क्षमा मागितली असेल. नाही मागितली. मी म्हणालो, देवा, इतकी वर्षं तुझ्या नावानं दुसऱ्यांना पाडलं. आता एकाला माझ्या हातानं उघडा पडू दे. एवढंच. पोटात अन्न नव्हतं, पण झोप चांगली लागली.

सकाळी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. डॅनियल म्हणाला, मी येत नाही. मी म्हणालो, "तू दारात थांब. आत मी बोलावीन."

भाऊसाहेब पांढऱ्या कपड्यात होता. मला जागेवर बघून त्याच्या मिशा हसल्या. विलासला मी म्हणालो, "तू बायांकडं बघ, भाऊसाहेबामागं मी हाय." तो गेला. मोजे माझ्या खिशात होते. हे भाऊसाहेबानं बघितलं नाही. हमालाच्या हातांकडं कोण बघतं.

गाणं झालं. तेल लावलं. मोबाईल वर झाले. उपदेशकानं कपाळावर हात ठेवला आणि आरोळी ठोकली. भाऊसाहेबानं डोळे मिटले, हात पसरले, टाचा उचलल्या, मागं कलला.

मी तीन पावलं मागं सरलो. हात पाठीशी बांधले.

माझा पाय वाजला असेल, नाहीतर मागचा श्वास त्याला लागला नसेल. तो अर्ध्यात थांबला. एक डोळा उघडला. मग मान वळवून मागं बघितलं.

सगळ्यांनी बघितलं की त्यानं मागं बघितलं. मोबाईलनंही बघितलं.

मी सावकाश म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पडा की भाऊसाहेब. मागं देव हाय की."

तो पडला नाही. उपदेशकाचा हात तसाच हवेत. पंखा तेवढा फिरत होता.

मी खिशातनं मोजे काढले आणि तो जिथं पडणार होता तिथं फरशीवर ठेवले. वरनं सोडले नाहीत. वाकून नीट ठेवले. म्हणालो, "झेलायचं काम आजपासनं बंद. शेड सोडणार न्हाय. ज्याला पडायचं त्यानं आपल्या भरवशावर पडावं."

मग दाराकडं बघून हाक मारली, "डॅनियल, आत ये."

तो आला. चपला काढून आला. मी त्याला हात धरून पुढं नेलं, पाहुण्यांसाठी मांडलेली एक खुर्ची ओढून बसवलं, आणि मी लाल गादीवर बसलो. गादी मऊ होती. इतकी मऊ असेल असं वाटलं नव्हतं.

समोर भाऊसाहेब अजून उभाच होता.